पोलिसांचं चुकत असेल तर अडवायचं कसं: सीमाभागातल्या माणसांसाठी

मी बेळगावच्या कोर्टात फौजदारी वकिली करते. माहेर खानापूर तालुक्यातलं, त्यामुळे सीमाभाग कर्नाटकात घातल्याचा निषेध म्हणून पाळतात तो १ नोव्हेंबरचा काळा दिन जवळ आला की गावाकडच्या पोरांचे फोन सुरू होतात. प्रश्न एकच: "अक्का, पोलिसानं कारण नसताना धरलं तर झटापट केलेली चालते काय?"

जवळजवळ कधीच चालत नाही. भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण कलम ३७ नं त्याला आवर घातलाय. सरकारी नोकर पदाच्या अधिकारात, सद्भावनेनं काही करत असेल तर ते कायद्यात काटेकोर बसत नसलं तरी त्याच्यावर हात उचलता येत नाही. जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती असेल तरच मुभा मिळते. कॉलर धरली, गाडीत ढकललं, एवढ्यावर ती मिळत नाही. डोकं फुटेल, हाड मोडेल अशी लाठी येत असेल तर ती अडवण्यापुरतं बळ वापरता येतं, त्याहून जास्त नाही. समोरचा साध्या कपड्यांत असेल आणि तो पोलीस आहे हे कळायला काहीच मार्ग नसेल, तर हा आवर लागू होत नाही. म्हणून "आपण कोण, ओळखपत्र दाखवा" हे चार माणसांना ऐकू जाईल असं विचारा.

पण हे सगळं कोर्टात तुम्हाला पटवून द्यावं लागतं, आणि तोवर कलम १३२ तुमच्या अंगावर असतं: सरकारी कामात बळाचा वापर, दोन वर्षांपर्यंत शिक्षा, अजामीनपात्र. दर १ जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकापाशी उभं राहिलं की कन्नडसक्तीविरोधी आंदोलनावरचा १९८६ चा पोलिसांचा गोळीबार आठवतो आणि आपल्या माणसांचा राग मला पुरता समजतो. तरीही माझं सांगणं ठाम आहे. विरोध तोंडानं करा, कागदावर करा. हात खाली ठेवा.

आधी बोलावण्याचं बघू. "जरा स्टेशनला येऊन जा" असा फोन म्हणजे नोटीस नव्हे. साक्षीदार म्हणून हवे असाल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास आणि अटकेचे नियम सांगणारा कायदा; पुढची फौजदारी कलमं यातलीच) कलम १७९ खाली लेखी आदेश लागतो. बायका, साठीवरचे पुरुष, पंधरा वर्षांखालची मुलं, अपंग आणि गंभीर आजारी यांचा जबाब त्यांच्या राहत्या घरीच घ्यायचा असतो. संशयित म्हणून बोलवायचं तर कलम ३५(३) ची नोटीस. ती व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये बजावलंय. कागद हातात आला मात्र, तर तारीख चुकवू नका. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात नोटीस पाळणाऱ्याला सहसा अटक होत नाही. करायचीच झाली तर कारणं लिहून ठेवावी लागतात.

मोर्चा किंवा महामेळाव्याआधी येते ती शांतता राखण्याच्या बाँडची नोटीस, कलम १२६ ची (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली १०७). तिच्यासोबत कलम १३० चा लेखी आदेश हवा: तुमच्याविरुद्ध माहिती काय, बाँड कितीचा, मुदत किती. त्याची प्रत मागा, वकिलाला दाखवा, मगच पुढचं.

आपल्याकडे खरी अडचण सहीची आहे. कागद कन्नडमध्ये असतो, वाचता येत नाही, आणि "कर सही, घरी जा" म्हटलं की माणूस करून टाकतो. तसं करू नका. आधी शांतपणे म्हणा, "ननगे कन्नड ओदलु बरुवुदिल्ल", मला कन्नड वाचता येत नाही. इथल्या बऱ्याच पोलिसांना मराठी येतं, कितीतरी जण नीट वाचून सांगतातही. नाहीच सांगितलं आणि सही करावीच लागली, तर सहीच्या वर आपल्या हातानं मराठीत लिहा: "मला कन्नड वाचता येत नाही. हा मजकूर मला मराठीत समजावून सांगितलेला नाही." खाली तारीख आणि वेळ. माझ्या एका अशिलानं, ऊस लावणाऱ्या माणसानं, पंचनाम्याच्या तळाशी बोटभर जागेत निळ्या पेनानं हेच लिहिलं होतं. उलटतपासणीत मी अधिकाऱ्याला विचारलं, मजकूर वाचून कोणी दाखवला? त्याला नाव सांगता आलं नाही. तपासातल्या जबाबावर तर सही घ्यायचीच नसते, कलम १८१ तसं स्पष्ट सांगतं.

अटक झाली तरी हीच भाषेची बाजू तुमच्या कामाला येते. नोव्हेंबर २०२५ मध्ये मिहिर राजेश शाह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की अटकेची कारणं लेखी, आणि अटक झालेल्याला कळणाऱ्या भाषेत द्यायची. लगेच जमलं नाही तर मॅजिस्ट्रेटपुढे रिमांडसाठी नेण्याच्या किमान दोन तास आधी. तेव्हा मराठीत मागा, मिळाली नाहीत तर वकिलाला सांगा. पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी हवी. अटकेच्या मेमोवर घरच्या किंवा गावातल्या माणसाची साक्ष हवी, आणि त्यावरची वेळ नीट बघा, कारण मॅजिस्ट्रेटपुढे हजर करायचे चोवीस तास तिथून मोजतात. सूर्यास्तानंतर बाईमाणसाला अटक करायची नाही. अपवाद असेल तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते. वकिलाला भेटू द्या असं म्हणायचा हक्क कलम ३८ नं दिलाय. वकील नसेल तर घरच्यांनी मोफत कायदेशीर मदतीच्या १५१०० वर फोन लावावा.

नोंदच न करता कोणाला डांबून ठेवलं असेल तर नातेवाईक किंवा मित्र, कोणीही उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात हेबियस कॉर्पस (डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा, असा अर्ज) दाखल करू शकतो.

मॅजिस्ट्रेटपुढची ती दोन मिनिटं फार मोलाची असतात. "मारहाण झाली का?" असं विचारलं जातं तेव्हा शेजारी तोच पोलीस उभा असतो, आणि पोरं मान हलवून "नाही" म्हणतात. पुढे महिनाभरानं मला पाठीवरचे वळ सांगतात, तोवर ते गेलेले असतात. झाली असेल तर तिथंच, मराठीत, मोठ्यानं सांगा. विचारलं नाही तरी सांगा. सदरा वर करून दाखवा. हे आदेशात लिहून घ्या आणि डॉक्टरी तपासणी करा, अशी विनंती करा.

सुटून आल्यावर तक्रार मराठीतच लिहा. संविधानाच्या कलम ३५० नं राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क दिलाय, "कन्नडमध्ये आणा" म्हणून ती परत करता येत नाही. शहरातलं स्टेशन असेल तर पोलीस आयुक्त, ग्रामीण भागात जिल्हा पोलीस अधीक्षक. शिवाय पोलीस तक्रार प्राधिकरण आणि राज्य मानवी हक्क आयोग. पोच घ्या, नाहीतर स्पीड पोस्टानं पाठवा. खटला भरायचा विचार असेल तर आधी वकिलाकडे जा, कारण कर्नाटक पोलीस कायदा १९६३ च्या कलम १७० मुळे बहुतेक वेळा सरकारची मंजुरी लागते.

सीसीटीव्हीसाठी वेगळा अर्ज द्या. २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालानुसार स्टेशनातलं चित्रण निदान वर्षभर जपायचं असतं, तरी "यंत्र बंद होतं" हे उत्तर मी अनेकदा ऐकलंय. म्हणून स्टेशनचं नाव, तारीख आणि कुठल्या वेळेपासून कुठल्या वेळेपर्यंतचं चित्रण हवं, हे लिहून तो अर्ज सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी गेला पाहिजे.