प्लेट जशी आली तशी परत गेली पाहिजे

व्हीएफएक्समध्ये कॉम्पोझिटिंग, म्हणजे शूट झालेल्या मूळ शॉटमध्ये (त्याला प्लेट म्हणतात) वेगळं चित्र बेमालूम मिसळणं, शिकताय; रोटो (आकृती कापून वेगळी करणं) हाताला बसलाय, कीइंग (मागचा एकरंगी पडदा काढणं) जमतंय आणि आता पहिलं पैशाचं काम आलंय, अशांसाठी हे लिहितोय. नोड कसे जोडायचे, ट्रॅकिंग कसं करायचं हे तुम्हाला येतं असं धरतो. मला जिथे फटका बसला तिथे मात्र जास्त थांबणार आहे. आजही नवीन एमओव्ही (व्हिडिओ) फाइल रीड नोडमध्ये, म्हणजे फाइल आत घेणाऱ्या नोडमध्ये, ओढताना माझ्या पोटात गोळा येतो.

काम जोतिबाच्या एका भक्तिगीताचं होतं. वाडी रत्नागिरीला शूटिंग झालं ते चैत्र यात्रा उलटल्यावर, म्हणजे डोंगर होता, सासनकाठी आणली होती, पण हवेत गुलाल नव्हता. तो आम्ही घालायचा. एकूण ११ शॉट. राजारामपुरीतल्या खोलीच्या गच्चीवर काळं कापड ताणून आम्ही मुठीमुठीने गुलाल उधळला आणि शूट केला. चार दिवस आंघोळीच्या पाण्याला गुलाबी रंग येत होता.

गुलालाच्या ढगाची कड अर्धपारदर्शक असते, आणि खरी परीक्षा तिथेच. काळा आणि पांढरा निम्मे-निम्मे मिसळा. एसआरजीबीच्या, म्हणजे संगणकाच्या स्क्रीनसाठीच्या रंगपद्धतीच्या, ० ते २५५ आकड्यांवर थेट हिशोब केला तर उत्तर १२८ येतं. आधी लिनियर करून, म्हणजे प्रत्यक्ष प्रकाशाच्या प्रमाणात, मिसळून परत एसआरजीबीत आणलं तर १८८. एवढा फरक. लिनियर न करता गुलाल उजळ आभाळावर टाकला की कडेला मळकट तपकिरी रेघ येते, गुलाल चिखलासारखा दिसतो. न्यूक हे कॉम्पोझिटिंगचं सॉफ्टवेअर आतमध्ये लिनियरमध्येच काम करतं. आफ्टर इफेक्ट्सवाल्यांनी प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये ३२ बिट घ्यावं, वर्किंग स्पेस ठरवावी आणि लिनियराइजची खूण करावी. ब्लर आणि डीफोकसलाही हेच लागू. इथपर्यंत माझं बरोबर होतं.

चुकलो ते दारात, आत येताना आणि बाहेर जाताना.

प्लेट प्रोरेस या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये, रेक.७०९ (एचडी टीव्हीच्या रंगांचं मानक) करून आल्या होत्या. माझा रीड नोड डीफॉल्टवर, एसआरजीबी धरून बसलेला. मी बघितलंच नाही. राइट नोडला (फाइल बाहेर काढणाऱ्या) मात्र आठवणीने रेक.७०९ लावलं, कारण क्लासमधल्या सरांनी वहीत लिहून दिलं होतं, ‘टीव्हीचं काम, आउटपुट रेक.७०९.’ ते वाक्य अर्धं होतं. फाइल आत कशी घ्यायची हे वहीत नव्हतं. (पाठ करून घेणाऱ्या शिक्षकांबद्दल माझं मत तेव्हापासून कडक आहे. ‘का’ विचारल्यावर चिडणाऱ्याकडून सॉफ्टवेअरची बटणं शिका, कलर शिकू नका.)

याचा परिणाम काय होतो ते नीट बघा. प्लेटमध्ये एखादा राखाडी पिक्सेल १२८ वर आहे. एसआरजीबी समजून आत घेतला की लिनियरमध्ये तो साधारण ०.२२ होतो. तोच रेक.७०९ करून बाहेर काढला की ११५ वर उतरतो. काळा जागेवर, पांढरा जागेवर, मधले टोन तेवढे खाली. म्हणजे नेमके चेहरे. एकही ग्रेड (रंग-उजेड बदलणारा) नोड न लावता मी सगळ्यांचे चेहरे काळवंडवले होते.

ते मला दिसलं का नाही? मी रेंडर मॅकवर क्विकटाइम प्लेअरमध्ये तपासत होतो. तो रेक.७०९ टॅगची फाइल जरा उजळ, फिकी दाखवतो. माझा अंधार आणि त्याचा उजेड एकमेकांत जिरले आणि मला सगळं छान दिसलं. मग न्यूकमध्ये मूळ प्लेट आणि रेंडर शेजारी ठेवून डिफरन्स (दोन्हींच्या आकड्यांतला फरक) घेतला, तर तोही जवळपास शून्य! कारण प्लेट एसआरजीबी म्हणून वाचली जात होती आणि रेंडर रेक.७०९ म्हणून. जी चूक करून बाहेर काढलं, तीच चूक उलटी करून परत आत घेतलं. ही तपासणी खोटा धीर देते. तिच्यावर विसंबून मी ११ च्या ११ शॉट पाठवून दिले.

संध्याकाळी एडिटरदादाने बोलावून घेतलं. टाइमलाइनवर व्हीएफएक्स नसलेला शॉट, त्याच्या पुढे माझा शॉट. बाणाच्या बटणाने एक फ्रेम मागे, एक फ्रेम पुढे. पुजाऱ्यांचा चेहरा दचकल्यासारखा गडद होत होता. “भावा, तुला गुलाल टाकायला सांगितलेला की रं. ग्रेड कुणी करायला सांगितलं?” मला उत्तर देता आलं नाही. मी काही केलंच नव्हतं असं मला खरंच वाटत होतं.

म्हणून खरी तपासणी अशी करा. गुलाल, रोटो काही न जोडता रीडला थेट राइट जोडा आणि दहा फ्रेम काढा. मग मूळ फाइल आणि काढलेली फाइल, दोन्ही रीड नोडना ‘रॉ डेटा’ची खूण करा, म्हणजे फाइलमधले आकडे जसेच्या तसे येतील. आता मर्जमध्ये डिफरन्स लावा आणि व्ह्यूअरचा गेन भरपूर वाढवा. प्रोरेसच्या कॉम्प्रेशनची मुंग्यांसारखी वळवळ दिसेल, ती चालते. माणसाचा चेहरा ओळखू आला, की थांबा. रीड आणि राइट जुळत नाहीत. शॉट छोटा असो, घाई असो, हे केल्याशिवाय पुढे जाऊ नका. पाच मिनिटं लागतात. मला त्या रात्री पहाटेपर्यंत रेंडर लावून बसावं लागलं.

बाकीचं थोडक्यात. सगळं चित्र धुरकट आणि काळा रंग १६ च्या आसपास अडकलेला दिसला, तर गॅमाशी (मधल्या टोनच्या उजेडाशी) झटू नका. तो १६ ते २३५ आणि ० ते २५५ या रेंजचा घोळ असतो. एस-लॉग३ (सोनी कॅमेऱ्याचं लॉग रेकॉर्डिंग) प्लेट फिकीच दिसते, त्यात १८ टक्के ग्रे ४१ टक्क्यांवर बसवलेला असतो. तिला कॉन्ट्रास्ट लावू नका, रीडमध्ये तिचं खरं नाव द्या. डेप्थ (अंतर), नॉर्मल (पृष्ठभागाची दिशा), मोशन व्हेक्टर (हालचाल) हे रंग नाहीत, त्यांना कुठलंही रूपांतर नको. आणि नेटवर फुकट मिळणारे एलयूटीचे (रंग बदलणाऱ्या तयार तक्त्यांचे) गठ्ठे कॉम्पमध्ये आणू नका, कळकळीने सांगतो. आत काय आहे हे माहीत नसलेला एलयूटी लावणं म्हणजे दुसऱ्याची चूक आपल्या नावावर घेणं.

घाबरू मात्र नका. डोळा तयार नाही म्हणून हे चुकतं असं मला वाटायचं, आणि कोल्हापुरात बसून काय कलर शिकणार, हेही ऐकून घेतलं. यात डोळ्याचा प्रश्न फार कमी, आकड्यांचा जास्त, आणि आकडे राजारामपुरीतही तेच येतात.

प्लेट घेताना मी आता तीन गोष्टी विचारतो, फोनवर नाही, मेलवर. लॉग आहे की रेक.७०९ केलेली? परत कुठल्या कोडेकमध्ये (व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतीत) हवी? ग्रेड माझ्या आधी झालाय की नंतर होणार? “कसंही द्या, चालतंय” असं उत्तर आलं, तर नुसता रीड-राइट केलेला एक शॉट एडिटरकडे पाठवतो आणि टाइमलाइनवर मूळ शॉटवर ठेवून बघायला सांगतो. त्याचं ‘बसला’ आल्यावरच गुलालाला हात लावतो.