वृद्धनिवासातील फार्मासिस्टशी काय बोलावे
ऑस्ट्रेलियातील वृद्धनिवासांना १ जुलै २०२४ पासून सरकारी खर्चाने, साधारण २५० खाटांमागे पूर्णवेळ एक या हिशेबाने, आवारातच काम करणारा फार्मासिस्ट नेमता येतो. योजना ऐच्छिक असल्याने आपल्या आईवडिलांच्या निवासात तो आहे का, हे आधी विचारावे. भेटीला जाताना भारतातून आणलेली चूर्णे, काढे आणि हळदीच्या कॅप्सूलही पिशवीत घालून न्याव्यात (नेमके हेच सांगायचे राहून जाते), कारण रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसोबत हळदीचा अर्क घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. गिळवत नाही म्हणून गोळी कुटून वरणभातात कालवली जात असेल, तर तेही सांगावे. दिवसभर हळूहळू विरघळणारी गोळी कुटल्यास सगळी मात्रा एकदम अंगात जाऊ शकते. फार्मासिस्ट बदल सुचवतो, निर्णय मात्र डॉक्टर घेतात.