पदकाची नोंद राहून गेली असेल तर: अर्ज पाठवण्याआधीची तयारी

आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, डिस्चार्ज बुकात (सैन्यातून निवृत्त होताना मिळणाऱ्या सेवेच्या पुस्तिकेत) पदकांचं एक पान आहे. सैन्य सेवा मेडल, नऊ वर्षांच्या सेवेचं मेडल, स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षाचं मेडल, ऑपरेशन विजय मेडल, आणि त्याखाली कोरी जागा. त्या कोऱ्या जागेत ऑपरेशन विजय स्टार असायला हवा. 1999च्या जून-जुलैमध्ये, कारगिलच्या लढाईत, ते द्रासला गाडी चालवत होते, रात्री दिवे बंद ठेवून, तोफगोळ्यांच्या पेट्या भरून. दोन वर्षांपूर्वी मी त्यांच्या वतीने रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला, अर्ज केला. आठ महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं: दप्तरात अशी पात्रता दिसत नाही. त्यांनी जे तपासलं ते बरोबरच तपासलं होतं. मी अर्जात एक गोष्ट लिहिलीच नव्हती. ती तुमच्याकडून राहू नये म्हणून हे लिहितोय.

सुरुवातीला नेमकं काय मागायचंय ते ठरवा. वीर चक्र, सेना मेडल ही शौर्यपदकं वेगळी. ती भारताच्या राजपत्रात जाहीर होतात, आणि शिफारसच झाली नसेल तर दुरुस्तीचा अर्ज करून ती मिळत नाहीत. गावात कुणी ‘करून देतो’ म्हणाला तर त्याला पैसे देऊ नका. दुरुस्ती होते ती मोहिमेच्या पदकांची, म्हणजे ठरलेल्या काळात ठरलेल्या भागात तुम्ही होता म्हणून मिळणाऱ्या पदकांची. 1965साठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल. 1971साठी पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल. कारगिलसाठी ऑपरेशन विजय स्टार आणि मेडल. शिवाय सियाचिन ग्लेशियर मेडल, ऑपरेशन पराक्रम मेडल वगैरे. स्टार आणि मेडल यांत गल्लत करू नका. कारगिलचा स्टार प्रत्यक्ष लढाईच्या पट्ट्यातल्या सेवेसाठी, म्हणजे द्रास, कारगिल, बटालिक, तुर्तुक. अर्जात ‘कारगिल का मेडल’ एवढंच लिहिलंत तर तो परत येणार.

डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), माजी सैनिक ओळखपत्र, आधार: यांच्या झेरॉक्स, सगळ्या पानांच्या. सेना क्रमांक लिहिताना शेवटचं अक्षर सोडू नका, तो क्रमांकाचाच भाग आहे.

अर्ज कुठे जातो हेही बघून घ्या. युनिटला नाही, दिल्लीला नाही, तुमच्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसला. मराठा लाइट इन्फंट्री बेळगाव, महार रेजिमेंट मध्य प्रदेशातलं सागर, तोफखाना नाशिक रोड, बॉम्बे सॅपर्स (इंजिनिअर) खडकी, सिग्नल्स जबलपूर, ईएमई (गाड्या-यंत्रं दुरुस्त करणारी कोअर) सिकंदराबाद, आर्मी मेडिकल कोअर लखनौ. हिंदीत किंवा इंग्रजीत लिहा. ते वाचणारा कारकून मराठी असेलच असं नाही.

आता मी विसरलो ती गोष्ट. अटॅचमेंट, म्हणजे काही काळापुरतं दुसऱ्या युनिटच्या हाताखाली देणं. लढाईच्या काळात तुम्ही किंवा तुमचे वडील मूळ युनिटमध्येच होते, की दुसऱ्या युनिटला अटॅच होते? हा प्रश्न आधी विचारा, आणि ‘तिकडं होतो’ एवढ्या उत्तरावर थांबू नका. आण्णांचं मूळ युनिट त्या वेळी जम्मूच्या बाजूला होतं. त्यातल्या चार गाड्या आणि चार ड्रायव्हर सात आठवड्यांसाठी द्रासला एका तोफखान्याच्या युनिटकडे दिले होते. मी अर्जात त्यांच्या मूळ युनिटचं नाव लिहिलं, ‘द्रास’ लिहिलं, आणि पाठवून दिलं. रेकॉर्ड ऑफिसने मूळ युनिटचे कागद काढले, ते युनिट द्रासला नव्हतंच, विषय संपला.

हे का होतं ते समजून घ्या, म्हणजे कागद कुठे शोधायचा ते कळेल. सैन्यात जवानाच्या बाबतीत जे काही घडतं, म्हणजे बढती, रजा, लग्न, जखम, पदक, ते सगळं युनिट पार्ट टू ऑर्डरमध्ये छापतं आणि ती ऑर्डर रेकॉर्ड ऑफिसला जाते. त्यावरूनच नोंद होते. पार्ट टू ऑर्डर नसेल तर कागदोपत्री ती गोष्ट घडलेलीच नाही. मोहीम संपल्यावर युनिट पात्र जवानांचा नॉमिनल रोल, म्हणजे नावांची यादी, बनवतं आणि त्यावरून पदकाची पार्ट टू ऑर्डर निघते. अटॅच असलेला माणूस इथे मधल्या मध्ये अडकतो. ज्यांच्याकडे तो लढाईत होता त्यांना वाटतं, याचं मूळ युनिट करील. मूळ युनिटच्या रोलवर तो आहे, पण मूळ युनिट ज्या भागात होतं त्याच भागासाठी. कुणी मुद्दाम केलेलं नसतं. पण पंचवीस वर्षं ते पान कोरं राहतं.

म्हणून अर्जात स्वतंत्र परिच्छेद करा आणि त्यात चार गोष्टी लिहा: कुठल्या युनिटला अटॅच होतो, कुठल्या तारखेपासून, कुठल्या तारखेपर्यंत, कुठल्या ठिकाणी. तारीख पक्की आठवत नसेल तर महिना आणि आठवडा लिहा, पण जागा मोकळी सोडू नका. मूव्हमेंट ऑर्डर, म्हणजे तिकडे जाण्याचा लेखी हुकूम, सापडली तर उत्तम. ती बहुतेकांकडे नसते, पण शोधा. जुनी ट्रंक, डिस्चार्ज बुकाचा मागचा कप्पा, पे बुक, रजेचा दाखला.

आमच्याकडे मूव्हमेंट ऑर्डर नव्हती. पत्रं होती. आईने सगळी अंतर्देशीय पत्रं एका पिशवीत बांधून ठेवलेली. पहिल्या अर्जाला मी त्यांतली दोन जोडली होती, कारण आत आण्णांनी ‘इथं रात्रंदिवस गोळे पडतात’ असं लिहिलं होतं. मला वाटलं, याहून मोठा पुरावा काय हवा. नकार आल्यावर पत्रं परत बघितली तेव्हा पाठीमागची बाजू नीट वाचली. मे महिन्याच्या पत्रावर पाठवणाऱ्याच्या पत्त्यात त्यांचं नेहमीचं युनिट, मार्फत 56 एपीओ (सैन्याचं टपाल कार्यालय). 20 जूनच्या पत्रावर त्यांच्याच अक्षरात दुसरंच नाव, तोफखान्याच्या त्या युनिटचं, खाली पुन्हा 56 एपीओ. ऑगस्टच्या पत्रावर परत जुनं युनिट. अटॅचमेंट कधी सुरू झाली आणि कधी संपली, ते त्या तीन पत्त्यांवर लिहिलेलं होतं, आणि मी आतला मजकूर वाचत बसलो होतो. आण्णांना विचारलं तर म्हणाले, “मग? ज्यांचं जेवतोय त्यांचाच पत्ता टाकणार ना.” तर पत्रं असतील तर पत्त्याची बाजू आधी बघा. तिची रंगीत झेरॉक्स काढा, डाकेचा शिक्का वाचता येईल अशी. मूळ पत्र पाठवू नका, कधीही नाही.

युनिटचं नाव कळलं की माहितीचा अधिकार वापरा, अर्ज पाठवायच्या आधी. दहा रुपये फी, केंद्राच्या आरटीआय पोर्टलवरून घरबसल्या जातो, तीस दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील करा. ‘माझ्यावर अन्याय झाला, न्याय द्या’ असं त्यात लिहू नका, त्याला उत्तर मिळत नाही. कागद मागा: अमुक क्रमांकाच्या जवानाच्या अमुक ते अमुक काळातल्या सर्व पार्ट टू ऑर्डरच्या प्रती, आणि त्या काळात अमुक युनिटला अटॅच असल्याची नोंद. दोन्ही युनिटांची नावं लिहा. दोन्ही, कारण एकच लिहिलंत तर एकच तपासतील, माझ्या बाबतीत तेच झालं.

साक्षीदार. सोबतच्या माणसाचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र चालतं, पण ‘आम्ही सोबत होतो’ एवढ्याने भागत नाही. त्याचा सेना क्रमांक, त्याचं युनिट, तारीख, ठिकाण, आणि तुम्ही त्या वेळी कुणाच्या हाताखाली होता हे त्यात हवं. त्या सोबत्याला स्वतःला ते पदक मिळालेलं असेल तर त्याच्या डिस्चार्ज बुकातल्या पानाची प्रत जोडा, तिचं वजन जास्त. तेव्हाचे अधिकारी हयात असतील तर त्यांचं पत्र सगळ्यात भारी. लाजू नका, फोन करा. आण्णांच्या वेळचे कॅप्टन साहेब, आता निवृत्त, त्यांनी दुसऱ्या दिवशी सही करून पत्र पाठवलं, आणि त्यात पहिलंच वाक्य अटॅचमेंटचं होतं.

जखम झाली असेल तर फाइल वेगळी करा. वुंड मेडल शत्रूच्या प्रत्यक्ष कारवाईत झालेल्या जखमेसाठी असतं, आणि इथे प्रश्न पैशाचाही आहे, कारण वॉर इंज्युरी पेन्शनचा दर साध्या डिसॅबिलिटी पेन्शनपेक्षा जास्त. बॅटल कॅज्युअल्टीची (लढाईत जखमी झाल्याची) पार्ट टू ऑर्डर, हॉस्पिटलचे कागद, मेडिकल बोर्डाची प्रत. जखमी झाला तेव्हा तो अटॅच होता का, हे इथेही लिहा.

फार उशीर करू नका. पेन्शन न मिळालेल्या जवानाचे सेवेचे कागद 25 वर्षांनी नष्ट करतात, मग हाती राहते ती लाँग रोलमधली, म्हणजे जपून ठेवलेल्या नोंदवहीतली, मोजकी नोंद. 1965 आणि 1971च्या माणसांच्या घरच्यांनी आधी हेच विचारावं की कागद शिल्लक आहेत का. वडील गेले असतील तर अर्ज आईच्या नावाने करा.

छावणीजवळच्या दुकानात स्टार विकत मिळतो. घेऊ नका. नोंद नसताना छातीवर लावायचा नाही, आणि आण्णांनी तर मला दुकानासमोर उभंही राहू दिलं नाही.

नावात फरक असेल, डिस्चार्ज बुकात एक आणि आधारवर दुसरं, तर ते आधी निस्तरा, नाहीतर सगळं तिथेच अडेल. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एकदा फाइल दाखवा, त्यांचं पत्र जोडलं तर बरं. स्पर्श पोर्टल पेन्शनसाठी आहे, तिथे पदकाची तक्रार घालू नका. अर्ज स्पीड पोस्टने, पोचपावती जपून, पूर्ण संचाची एक प्रत घरी. तीन महिने उत्तर नाही आलं तर स्मरणपत्र, मग केंद्राचं तक्रार पोर्टल. लेखी नकार आला तर सशस्त्र दल न्यायाधिकरण, आपल्यासाठी मुंबईचं खंडपीठ, अंतिम आदेशापासून सहा महिन्यांच्या आत. तिथे वकील देता येतो किंवा स्वतःही बाजू मांडता येते.

आमचा दुसरा अर्ज मार्चमध्ये गेला. या वेळी पोच आली, आणि त्या तोफखाना युनिटच्या ऑर्डरी मागवल्याचं पत्रही आलं. स्टारची नोंद अजून व्हायची आहे.

पाकीट चिकटवण्याआधी पुन्हा एकदा उघडून बघा: अटॅचमेंटचा परिच्छेद आत आहे का, त्यात युनिटचं नाव आहे का, दोन्ही तारखा आहेत का.