आठ वॅटचा ट्यूब अँप आणि टॉवर स्पीकर : या चुका टाळा

३००बी या नावाच्या व्हॅक्यूम ट्यूबचा आठेक वॅटचा अँप घरी येतो, हॉलमध्ये आधीपासून उभ्या असलेल्या टॉवर स्पीकरना जोडला जातो आणि पंधरा दिवसांत कुरकुर सुरू होते. डग्गा नुसता घुमतो, तार सप्तकात आवाज टोचतो, आणि सगळे म्हणतात ती ट्यूबची गोडी कुठे सापडत नाही. मग ट्यूब बदलायच्या, मग केबल, शेवटी अँप विकायला काढायचा. बहुतेक वेळा अँपही चांगला असतो आणि स्पीकरही. पत्रिका न बघता लग्न लावलेलं असतं, एवढंच. या पत्रिकेत बघायचे रकाने दोनच आहेत, सेन्सिटिव्हिटी (ठरावीक वीज दिली की स्पीकर किती डेसिबल, म्हणजे डीबी, आवाज काढतो) आणि इम्पीडन्स (स्पीकरचा विजेला होणारा विरोध, ओहममध्ये). ते सोडून बाकी सगळं बघितलं जातं.

८८ डीबी म्हणजे ८८ डीबी नव्हे

स्पीकरच्या कागदावर लिहिलेलं असतं, '८८ डीबी, २.८३ व्होल्ट, १ मीटर'. २.८३ व्होल्ट म्हणजे ८ ओहमला बरोबर १ वॅट. स्पीकर ४ ओहमचा असेल तर तेवढ्याच व्होल्टला तो २ वॅट खातो. म्हणजे वॅटच्या हिशोबात तो ८५ डीबीचाच. ट्यूब अँपवाल्याने हे तीन डीबी आधी वजा करायचे. कागदावर 'रूममध्ये मोजलेलं' अशा अर्थाचं काही लिहिलं असेल तर आणखी तीन वजा केलेले बरे, कारण त्या आकड्यात भिंतींची मदत धरलेली असते.

आता हिशोब. ८ वॅट म्हणजे १ वॅटच्या वर ९ डीबी. ८५ अधिक ९, एका मीटरवर ९४. तुम्ही बसता तीन मीटरवर. साध्या हॉलमध्ये तिथे पोचेपर्यंत साधारण ६ डीबी जातात, दोन स्पीकरचे ३ परत मिळतात. राहिले ९१. हा झाला कमाल आवाज, म्हणजे पखवाजाची थाप किंवा तिहाईची सम. चांगल्या ध्वनिमुद्रणात सरासरी पातळी या टोकाच्या १५ ते १८ डीबी खाली असते. म्हणजे गाणं ऐकायचं ७३ ते ७६ डीबीवर. रात्री अकराला, पंखा बंद करून, हे पुरतं. रविवारी सकाळी घरात माणसं असताना पुरत नाही.

तोच हिशोब ९५ डीबी, खऱ्या ८ ओहमच्या स्पीकरने करा. टोक १०१ वर जातं आणि सरासरी ८३ ते ८६. अँप तोच, ट्यूब त्याच. स्पीकरमुळे मिळालेले हे १० डीबी अँपकडून हवे असते तर दहापट, म्हणजे ८० वॅट लागले असते.

१९३० च्या दशकात वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या याच घराण्यातल्या ट्यूब सिनेमा थिएटरांच्या अँपमध्ये होत्या आणि तेवढ्याशा वॅटवर अख्खं थिएटर भरत होतं. कारण पडद्यामागे माणसाच्या उंचीचे हॉर्न होते. आपण त्यातली फक्त ट्यूब उचलली, हॉर्न तिथेच राहिले.

आमचा ढोबळ नियम असा (२ए३ आणि ईएल८४ ही दुसऱ्या ट्यूबची नावं). ३००बी सिंगल एंडेड (सगळा सिग्नल एकच ट्यूब वाजवते), ७-८ वॅट: ९४ डीबीच्या खाली बघू नका. २ए३, साडेतीन वॅट: ९७ च्या वर. ईएल८४ पुश-पुल (ट्यूबची जोडी सिग्नल वाटून घेते), १२ ते १५ वॅट: ९० पासून चालतं, खोली लहान असेल तर ८९ सुद्धा. ज्यांच्याकडे ८९-९० चे टॉवर आधीच आहेत आणि ते बदलायचे नाहीत, त्यांनी ईएल८४ पुश-पुल घ्यावा आणि सुखी व्हावं. पण ३००बी या नावाचं वेड असं आहे की हे कोणाला ऐकायचं नसतं.

'४ ते ८ ओहम' असं लिहिलेला स्पीकर

ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, म्हणून जरा तपशिलात.

पुण्यातल्या एका फ्लॅटमधलं प्रकरण घ्या. हॉल १२ बाय १८ फुटांचा. सडपातळ टॉवर, प्रत्येकात साडेसहा इंची दोन वूफर, मागे पोर्ट (हवा ये-जा करायचं भोक). मागच्या पाटीवर '४ ते ८ ओहम'. अँपच्या मागे ४ आणि ८ ओहमची वेगळी टर्मिनल होती. मालकाने त्यातला आवडता आकडा निवडला आणि ३००बी अँपच्या ८ ओहमच्या टर्मिनलला वायर लावल्या. तक्रार तीच, डग्गा घुमतो पण त्याला अंग नाही, सारंगी कानात घुसते. दुकानदाराने ट्यूब बदलायला सांगितल्या. बदलल्या. मग चांदीचा मुलामा दिलेली केबल. मग पॉवर कॉर्ड. या तीन गोष्टींच्या पैशात चांगला ईएल८४ अँप आला असता.

स्पीकरचा इम्पीडन्स मोजला तेव्हा उलगडा झाला. १५० हर्ट्झपाशी ३.२ ओहम, २ किलोहर्ट्झच्या आसपास २० ओहम, आणि खाली ६० हर्ट्झपाशी पुन्हा २० च्या घरात. निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग परत आत आणून चूक सुधारणारी जोडणी) नसलेल्या अशा अँपचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स ८ ओहमच्या टर्मिनलवर साधारण २ ओहम. दोघांत व्होल्टेजची वाटणी होते. ३.२ ओहमला स्पीकरच्या वाट्याला ३.२ भागिले ५.२, म्हणजे ६२ टक्के. २० ओहमला २० भागिले २२, म्हणजे ९१ टक्के. फरक ३.४ डीबी. म्हणजे अँपने न सांगता इक्वलायझर लावला होता: ६० हर्ट्झ वर, १५० हर्ट्झ खाली, २ किलोहर्ट्झ वर. डग्ग्याची घुम वर आली, त्याचं अंग खाली गेलं, सारंगी पुढे सरकली. यात केबल काय करणार?

शिवाय ८ ओहमच्या टर्मिनलवर ४ ओहमचा भार टाकला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून (ट्यूब आणि स्पीकर यांना जोडणाऱ्या) ट्यूबला दिसणारा भारही निम्मा होतो. ३.५ किलोओहम अपेक्षित असलेल्या ३००बीला पावणेदोन किलोओहम दिसतो. डिस्टॉर्शन (सुराची मोडतोड) वाढतं आणि ते नेमकं जोरकस जागी ऐकू येतं.

उपाय फुकटचा होता. वायर ४ ओहमच्या टर्मिनलवर आणल्या. तिथे अँपचा आउटपुट इम्पीडन्सही निम्मा, साधारण १ ओहम होतो, आणि तो ३.४ डीबीचा चढउतार १.९ वर येतो. टॉवर भिंतीपासून ३० सेंटिमीटरवर होते, ते ८० वर आणले. पोर्टमध्ये स्पंजची गुंडाळी सैलसर घातली. डग्गा डग्ग्यासारखा वाजू लागला. आवाज कमीच राहिला, कारण वरचं ८५ डीबीचं गणित टर्मिनल बदलून बदलत नाही.

म्हणून सवय लावून घ्या. पाटीवर काहीही असो, आधी ४ चं टर्मिनल, मग ८ चं, दोन्ही आठवडाभर ऐका. तासाभरात आलटूनपालटून निकाल देऊ नका. वायर हलवताना अँप पूर्ण बंद. मल्टिमीटर असेल तर स्पीकरच्या टर्मिनलचा डीसी रेझिस्टन्स बघा: साडेतीनच्या खाली आला तर पाटीवरचं '८' विसरा. साडेपाच-सहा आला तर आशेला जागा आहे, पण खात्री नाही, कारण वरच्या फ्रिक्वेन्सीत क्रॉसओव्हर (आतल्या स्पीकरांत आवाज वाटून देणारं सर्किट) काय करतो ते यात दिसत नाही. आयईसीच्या (आंतरराष्ट्रीय विद्युत तंत्रज्ञान आयोगाच्या) मानकाप्रमाणे इम्पीडन्स कुठेही नाममात्र आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जायला नको, म्हणजे ८ ओहमचा स्पीकर ६.४ च्या खाली उतरायला नको. किती कंपन्या हे पाळतात ते स्टिरिओफाइल मासिकाच्या मोजमापांत बघून घ्या. खरेदीआधी तो इम्पीडन्सचा आलेख बघणं हे दहा रिव्ह्यू वाचण्यापेक्षा उपयोगी आहे.

वॅट कमी पडतात की व्होल्ट?

नवशिके या दोन्हीला 'पॉवर कमी' म्हणतात. नॉब पूर्ण उघडूनही आवाज स्वच्छ पण लहान असेल, तर अँपला आत येणारा सिग्नलच कमी आहे. फोनच्या हेडफोन जॅकमधून अनेकदा १ व्होल्टही येत नाही, साधा डॅक (डिजिटल गाण्याचा अँपला लागणारा सिग्नल करणारी डबी) २ व्होल्ट देतो. अँपला दोष देण्याआधी डॅक लावा. नॉब निम्म्यावर असतानाच आवाज चेपल्यासारखा, कर्कश होत असेल, तर वॅट संपले.

नक्की किती वॅट लागतात ते मोजताही येतं. तुमचं सगळ्यात जोरात ऐकायचं गाणं लावा, नॉब तिथेच ठेवा. अँप बंद करून स्पीकरच्या जागी ८ ओहम, २५ वॅटचा रेझिस्टर लावा. पुन्हा चालू करून त्याच फोन किंवा डॅकवरून २२० हर्ट्झचा सूर वाजवा, पातळी उणे १२ डीबी, म्हणजे कमाल व्होल्टच्या एक चतुर्थांश. रेझिस्टरवरचे एसी व्होल्ट मोजा आणि चारने गुणा. दीड व्होल्ट आले तर सहा. सहाचा वर्ग ३६, भागिले ८, साडेचार वॅट. ८ वॅटच्या अँपची मर्यादा ८ व्होल्ट, म्हणून मीटरवर २ च्या वर आकडा आला की समजायचं, गाण्यातली टोकं कापली जातायत. अर्ध्या तासाचं काम आहे, पण लोक त्याऐवजी चार महिने चर्चा करतात.

आणि हो, अँपच्या कागदावरचे वॅट किती डिस्टॉर्शनला मोजलेत ते बघा. १० टक्क्यांना ८ वॅट असतील तर कामाचे पाचच धरा.

स्पीकर न जोडता अँप चालू करणं

ट्रान्झिस्टर अँपला याने काही होत नाही, म्हणून सवय वाईट लागलेली असते. ट्यूब अँपमध्ये भार नसताना सिग्नल गेला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर (ट्यूबकडच्या गुंडाळीवर) व्होल्टेज उसळतं आणि आतलं इन्सुलेशन फुटू शकतं. ट्यूब गेली तर नवी बसवता येते. ट्रान्सफॉर्मर गेला तर तो गुंडाळून देणारा शोधत फिरावं लागतं. सैल बनाना प्लग, झाडू मारताना ओढली गेलेली वायर, गाणं चालू असताना स्पीकर बदलून दाखवण्याची हौस, एवढंच निमित्त पुरतं. टॉवरच्या मागची वायर जमिनीलगत टेपने बांधून ठेवा.

जपानहून आलेला १०० व्होल्टचा अँप

वापरलेला जपानी अँप स्वस्तात मिळतो आणि त्याला कोपऱ्यावरच्या दुकानातला २३० ते ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावला जातो. घरात २४५ व्होल्ट आले की त्यातून ११७ निघतात. १०० व्होल्टच्या अँपला हे १७ टक्के जास्त झाले. ट्यूब तापवणाऱ्या ६.३ व्होल्टच्या हीटरला ७.४ मिळतात आणि ट्यूब अकाली म्हातारी होते. बाकीची व्होल्टेजही त्याच प्रमाणात चढतात, फिल्टरचे कपॅसिटर धोक्यात येतात. २३० ते १०० चाच ट्रान्सफॉर्मर बनवून घ्या, अँप घरातली वीज जितके वॅट खातो त्याच्या दुप्पट व्हीएचा (व्हीए म्हणजे ट्रान्सफॉर्मरची क्षमता), आणि आधी स्टॅबिलायझर. अमेरिकेतून आणलेल्या अँपचं दुखणं वेगळं: फक्त ६० हर्ट्झसाठी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो, व्होल्टेज बरोबर असलं तरी.

बाकीच्या, थोडक्यात

५यू४जी रेक्टिफायरच्या (एसीचं डीसी करणाऱ्या ट्यूबच्या) जागी 'बसतो' म्हणून ५एआर४ लावू नका. त्याच्या आत व्होल्टेज कमी खर्च होतं, म्हणजे पुढच्या ट्यूबना जास्त मिळतं.

स्पीकर केबलवर पैसे घालवू नका. इलेक्ट्रिशियनच्या दुकानातली अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, तीन मीटर अंतराला जाऊन-येऊन ०.०४ ओहम. अँपचाच २ ओहम असताना यात काय कमी करणार?

अँप टीव्हीच्या कपाटात कोंबू नका. वर निदान १५ सेंटिमीटर मोकळं.

गुळगुळीत टाइल्सवर टॉवरचे स्पाइक थेट ठेवू नका, खाली धातूची वाटी द्या. आणि स्पीकर ते खुर्ची यांच्यामध्ये सतरंजी अंथरा, नुसत्या फरशीवरून आवाज उसळतो.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यानंतर ट्यूबच्या पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. खरखर बहुतेक तिथलीच असते.

बास कमी पडतो म्हणून नॉब वाढवू नका. पॉवर्ड सबवूफर घ्या आणि डॅक व अँप यांच्यामध्ये प्रत्येक चॅनलला मालिकेत एक फिल्म कपॅसिटर घाला: अँपचा इनपुट इम्पीडन्स १०० किलोओहम असेल तर ०.०२२ मायक्रोफॅरड, ४७ किलोओहम असेल तर ०.०४७. दोन्हीत ७२ हर्ट्झच्या खालचं हळूहळू उतरतं. सबला सिग्नल मात्र कपॅसिटरच्या आधी, डॅककडून द्या. छोट्या अँपचे वॅट खाणारा भाग सबच्या गळ्यात पडतो.

आता ज्यांनी सगळं नीट केलं, ९८-१०० डीबीचे स्पीकर आणले, त्यांची तक्रार: 'गुंऽऽ येतं.' येणारच. अँपच्या आउटपुटला ३ मिलिव्होल्ट हम असेल तर ८७ डीबीच्या स्पीकरवर तो एका मीटरवर २७ डीबी वाजतो आणि विरून जातो. १०० डीबीच्या स्पीकरवर ४० डीबी वाजतो. आधी सगळे सोर्स काढा, इनपुट शॉर्टिंग प्लगने (सिग्नल आणि अर्थ एकमेकांना जोडणाऱ्या) बंद करा. हम गेला तर अर्थ लूप (दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा प्रवाह) आहे, आणि गुन्हेगार बरेचदा सेट-टॉप बॉक्सची केबल. कृपा करून प्लगची अर्थ पिन कापू नका, आत ४०० व्होल्ट आहेत. हम राहिला तर ३००बी किंवा २ए३ च्या अँपवर ट्यूबजवळ असणारे दोन हम पॉट (हम कमी करायचे छोटे नॉब) शोधा. अँप वीस मिनिटं तापू द्या, कान वूफरपाशी नेऊन एकेक चॅनल प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने सर्वात शांत जागी आणा. पॉट वर नसून चॅसीच्या आत असतील तर ते काम तंत्रज्ञाकडे.