‘डाचा’ म्हणजे व्हिला नव्हे! इंग्रजीत लिहिताना या चुका टाळा

रशियन शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याची वही परवा तपासत होते. रशियन उताऱ्याचं इंग्रजी करायचं होतं. त्यानं लिहिलं होतं, ‘माय ग्रँडमदर ग्रोज पोटॅटोज ॲट हर व्हिला.’ मूळ शब्द होता दाचा, म्हणजे रशियनांचं शहराबाहेरचं सुटीतलं घर आणि त्याची जमीन; इंग्रजीत त्याचाच ‘डाचा’ होतो. व्हिला बाळगून असलेली आजी उकिडवी बसून बटाटे कशाला लावेल, हा प्रश्न काही त्याला पडला नव्हता.

अर्थात, ही चूक त्याच्याआधी मोठमोठ्यांनी केली आहे. चेखवच्या ‘चेरी ऑर्चर्ड’ या नाटकात (१९०४) व्यापारी लोपाखिन सुचवतो की बाग तोडा, प्लॉट पाडा आणि दाचांसाठी भाड्यानं द्या. मालकीणबाईंना ही कल्पनाच अगदी हलक्या दर्जाची वाटते. जुन्या इंग्रजी भाषांतरांत तिथे ‘व्हिला’ आहे. मग वाचणाऱ्याला कळेना, व्हिल्यात नाक मुरडण्यासारखं काय आहे? आज ‘डाचा’ इंग्रजी शब्दकोशांत रुळलेला आहे, तेव्हा सरळ तोच शब्द वापरा. तिरक्या टायपाची गरज नाही, पहिलं अक्षर मोठं नको, अनेकवचन ‘डाचाज’. रशियन अनेकवचन ‘दाची’ इंग्रजीत आणू नका.

खरा घोळ होतो तो डोळ्यांसमोर आधी इमारत आणल्यामुळे. हा शब्द ‘देणे’ या रशियन क्रियापदावरून आला आहे, मूळ अर्थ दिलेली जमीन. रशियाचा सम्राट पीटर द ग्रेटनं सेंट पीटर्सबर्गजवळ दरबारी लोकांना अशा जमिनी वाटल्या. सोव्हिएत काळात शहरातल्या कामगारांना भाजीपाल्यासाठी तुकडे मिळाले, त्यांचं ठरलेलं माप सहा सोत्का. एक सोत्का म्हणजे १०० चौरस मीटर, आपल्या सातबाऱ्यावरचा एक आर. गुंठा साधारण १०१ चौरस मीटरचा, म्हणजे हे जवळपास सहा गुंठेच! त्यात लाकडी खोली, काकड्या, बटाटे, बेदाण्याएवढ्या फळांची झुडपं आणि कोपऱ्यात संडास. इंग्रजीत ‘सिक्स एकर्स’ लिहिलंत की आजी एका फटक्यात चाळीसपट जमीनदार होते. ‘सिक्स हंड्रेड स्क्वेअर मीटर्स’ लिहा, भांडण मिटलं.

आता गंमत अशी, की स्टालिन १९५३ मध्ये मॉस्कोजवळ जिथे वारला तीही दाचाच आणि ऑगस्ट १९९१ च्या उठावात गोर्बाचेव्ह क्रिमियातल्या फोरोसला अडकून पडले तीही दाचाच. बातम्यांत हीच भेटत असल्यामुळे शब्दाला राजेशाही वास लागला आहे. अशा ठिकाणी ‘स्टेट डाचा’ म्हणा, म्हणजे आजी आणि स्टालिन वेगळे राहतील.

पर्याय शोधताना दोन खड्डे आहेत. ‘समरहाउस’ म्हटलं की ब्रिटिश माणसाला बागेतली बसायची छत्रीवजा खोली दिसते. दुसरा ‘कॉटेज’. रशियनांनी हा इंग्रजी शब्द उचलला आणि ‘कोतेज’ असा उलटाच वापरला. त्यांच्याकडे कोतेज म्हणजे शहराबाहेरचं चांगलं दुमजली, पक्कं, ऐसपैस घर. रशियन मजकुरात ‘कोतेज’ दिसला आणि तुम्ही इंग्रजीत ‘कॉटेज’ ठेवलात, तर घर आक्रसलं! ‘डाचा हाउस’ किंवा ‘समर डाचा’ मात्र नुसतीच शब्दांची उधळपट्टी.

कायद्याच्या कागदांत जरा जपून. १ जानेवारी २०१९ पासून रशियन कायद्यात दाचाची जमीन हा वेगळा प्रकार उरला नाही, ती बागेच्या जमिनीत धरली जाते. त्यामुळे नंतरच्या कागदात मूळ शब्द ‘बागेचा’ असेल तर ‘गार्डन प्लॉट’ लिहा. बोलण्यात दाचा जिथल्या तिथे आहे.

मराठी माणसाला खास अडचण येते ती विभक्तीची. रशियन लोक ‘दाचावर’ जातात, जसे आपण मळ्यावर जातो. म्हणून ‘ऑन डाचा’ आपल्याला अजिबात खटकत नाही. त्यात भर म्हणजे ‘द’ आणि ‘अ’ची उपपदं ना त्यांच्याकडे ना आपल्याकडे. इंग्रजीत जायचं ते ‘टू द डाचा’, राहायचं ते ‘ॲट द डाचा’. आणि तिथे जाणारा तो ‘दाच्निक’. गॉर्कीच्या ‘दाच्निकी’ नाटकाचं इंग्रजी नाव ‘समरफोक’ आहे, ते मला फार आवडतं, पण एकट्या माणसाला ते लावता येत नाही.

राहिला उच्चार. जोर पहिल्या अक्षरावर. ब्रिटिश बहुधा ‘डॅचा’ म्हणतात, अमेरिकन ‘डाचा’, रशियनांचा द आपल्या दातांतलाच. पण ‘चा’ हा ‘चार’मधला, ‘चारा’मधला नव्हे. वही परत देताना हे सगळं समजावलं. विद्यार्थ्यानं मान डोलावली आणि म्हणाला, “कळलं मॅडम, त्याचा, माझा, दाचा.”