नाकारलेल्या आश्रयाची दुसरी फाईल: ब्रिटनमध्ये हे काम शिकायला आलेल्यांसाठी

आश्रयाचा अर्ज फेटाळला गेला, अपीलही हरलं, आणि तोच माणूस काही काळाने नवे कागद घेऊन पुन्हा येतो. ब्रिटनमध्ये इमिग्रेशनचं काम शिकायला आलेल्या आपल्याकडच्या एलएलबीवाल्यांना ही फाईल सगळ्यात जड जाते. जाणारच. भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, आश्रयाचा वेगळा कायदाही नाही. कॉलेजात यातलं काही कानावरच पडत नाही. मुलाखत, नकारपत्र, ट्रायब्युनल (अपील ऐकणारं न्यायाधिकरण) हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून पुढचं लिहिते.

नियम छोटा आहे: इमिग्रेशन रूल्सचा परिच्छेद 353. दिलेला मजकूर आधी विचारात घेतलेला नसावा, आणि जुन्या कागदांसोबत वाचल्यावर केस जिंकण्याची वास्तव शक्यता दिसावी. दोन्ही जमलं तर तो 'फ्रेश क्लेम'; मग होम ऑफिसने, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याने, नकार दिला तरी साधारणपणे अपिलाचा हक्क मिळतो.

घात होतो तो इथे. क्लायंट नवा कागद आणतो, तो नवा असतो यात वाद नसतो, आणि आपण खूश होऊन कव्हरिंग लेटर लिहायला बसतो. पण 2002 च्या देवसीलन निकालापासून पक्कं झालंय की दुसरा न्यायाधीश कोऱ्या पाटीवर सुरुवात करत नाही. पहिल्या न्यायाधीशाचा निकाल हाच त्याचा आरंभबिंदू असतो. समजा, इराणी क्लायंटला अटक झालीच नव्हती असं पहिल्या निकालात म्हटलंय, कारण मुलाखतीतली तारीख आणि जबानीतली तारीख जुळत नव्हती. आता तुम्ही त्याच प्रकरणातलं कोर्टाचं समन्स जोडलंत. वाचणारा म्हणणार, जी अटक झालीच नाही तिचं समन्स कुठून आलं? म्हणजे कागद नवा असूनही तुम्ही जुन्याच गाळात. आधी त्या तारखेला उत्तर द्यायला हवं. इराणी सौर कॅलेंडरवरून इंग्रजी तारीख काढताना गोंधळ झाला असेल तर तो आकडेमोडीसह मांडा, आणि हे पहिल्या सुनावणीत का सांगितलं नाही तेही सांगा. 'आधीचा वकील नीट नव्हता' एवढ्यावर भागत नाही. ट्रायब्युनल ते सहजासहजी मानत नाही.

मग समन्सकडे वळा. 2002 च्याच तन्वीर अहमद निकालाप्रमाणे कागद विश्वासार्ह आहे हे दाखवायची जबाबदारी क्लायंटची, आणि तो बाकी सगळ्या पुराव्यासोबत तोलला जातो. घरी कोणाच्या हातात पडला? इथे कसा आला? इतका उशीर का? कुरिअरचं पाकीट आणि पावती फेकू देऊ नका. व्हॉट्सॲपवर फोटो आला असेल तर तो मेसेज कोणी, कधी पाठवला ते दिसू द्या. फेसबुक पोस्टचे प्रिंटआउट तर फार तोकडे पडतात. इराणबद्दलच्या 2022 च्या 'एक्सएक्स' (अर्जदाराचं नाव लपवायला वापरलेली अक्षरं) निकालात ट्रायब्युनलने स्पष्ट केलंय की निवडक छापील पानांना फारसं वजन नाही. अकाउंटचा संपूर्ण डेटा डाउनलोड करून द्यावा लागतो.

म्हणून माझा आग्रह: जुना निकाल कागदावर छापून घ्या आणि पेन्सिल घेऊन वाचा. क्लायंटच्या विरोधातल्या प्रत्येक परिच्छेदाला समासात आकडा द्या, मग प्रत्येक आकड्यापुढे नवा पुरावा लिहा. ज्याच्यापुढे काहीच येत नाही तीच तुमची कमजोर बाजू. जुन्या केसचं पत्र उघडून नाव-गाव बदलणं हा शॉर्टकट मला सहन होत नाही. त्यात माणसाचा जीव जाऊ शकतो. मार्गदर्शक निवडताना गोड बोलणारा शोधू नका; तुमचं पत्र लाल करून परत पाठवणारा शोधा.

एवढं वाचून घाबरला असाल तर हेही सांगते: फ्रेश क्लेमची पायरी चढता येण्याजोगी आहे. 2006 च्या डब्ल्यूएम (डीआरसी) निकालाने तिला माफकच म्हटलंय. होम ऑफिसच्या अधिकाऱ्याला स्वतःला केस पटली का, हा प्रश्न नसतो. बारकाईने बघणाऱ्या न्यायाधीशाला पटण्याची वास्तव शक्यता आहे का, एवढंच बघायचं असतं. शिवाय त्याच नियमांच्या परिच्छेद 353ए प्रमाणे दिलेल्या मजकुराचा विचार होईपर्यंत माणसाला देशाबाहेर काढत नाहीत. हे क्लायंटला पहिल्याच भेटीत सांगा, तो रात्री झोपू तरी शकेल.

दुसऱ्या देशातला अनुभव इथे जसाच्या तसा चालवू नका. कॅनडात एकदा दावा नाकारला की दुसरा दावा करताच येत नाही. उरतो तो हद्दपारीपूर्वीचा धोका-आढावा, त्यालाही बहुतेकांना 12 महिने थांबावं लागतं. जर्मनीत आधी नवे मुद्दे दाखवा, मगच केस उघडते. युरोपीय संघाच्या न्यायालयाने 2021 मध्ये नेदरलँड्सच्या प्रकरणात सांगितलं की कागदाचा खरेपणा तपासता येत नाही एवढ्याच कारणाने तो आपोआप बाद करता येणार नाही.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका: इमिग्रेशन सल्लागार म्हणून नोंदणी नसताना सल्ला देत बसणं. व्यवसायाचा किंवा संस्थेच्या कामाचा भाग म्हणून असा सल्ला देणं हा 1999 च्या इमिग्रेशन अँड असायलम कायद्याखाली गुन्हा आहे, पैसे घेतले नाहीत तरी.

आणि 'हा फ्रेश क्लेम नाही' असं पत्र आलं तर अपील नाही, ज्युडिशियल रिव्ह्यू, म्हणजे तो निर्णय कायद्याला धरून आहे का हे न्यायाधीशाकडून तपासून घेणं. मुदत तीन महिने लिहिलेली असली तरी अर्ज तातडीने करायचा असतो, तीन महिने ही बाहेरची हद्द. पत्र हातात पडलं त्याच दिवशी सॉलिसिटरला फोन करा.