‘मॅडम, यू आर स्मेलिंग!’ : ‘स्मेल’ वापरताना या चुका टाळा

ऐरोलीत मी संध्याकाळी इंग्रजी बोलण्याचा वर्ग घेते. येणारे बहुतेक जण मराठी माध्यमातून शिकलेले आणि आता जवळपासच्या आयटी कंपन्यांत लागलेले. मागच्या श्रावणात एक मुलगी रडवेल्या चेहऱ्याने आली. तिच्या टीम लीडरने त्या दिवशी जुईचा गजरा माळला होता. हिच्या मनात आलं, ‘मॅडम, काय छान वास येतोय!’ आणि तोंडातून निघालं, ‘मॅडम, यू आर स्मेलिंग!’ आजूबाजूची चार टेबलं गप्प झाली म्हणे.

हिची इंग्रजी कच्ची होती असं नाही. मराठीत वास ‘येतो’, वास आपण ‘घेतो’ आणि नको असला की तो वास ‘मारतो’. तीन कामांना तीन क्रियापदं. इंग्रजीत तिन्ही कामं एकटं ‘स्मेल’ करतं, आणि कुठलं काम चाललंय ते पुढच्या-मागच्या शब्दांवरून ओळखायचं असतं. नुसतं ‘यू स्मेल’ म्हटलं की अर्थ एकच : तुमच्या अंगाला घाण वास येतोय. पुढे ‘नाइस’ किंवा ‘लव्हली’ जोडलं तरच ती स्तुती. त्यातही बॉसला ‘यू स्मेल नाइस’ म्हणू नका. व्याकरण बरोबर असलं तरी ते जरा जास्तच जवळिकीचं वाटतं. ‘युअर गजरा स्मेल्स लव्हली’ म्हणा, म्हणजे कौतुक गजऱ्याचं होतं.

‘आय ॲम स्मेलिंग गॅस’

आपल्याकडची ही सगळ्यात लाडकी चूक. वास नुसता जाणवतोय, आपण मुद्दाम घेत नाही, तेव्हा ‘स्मेलिंग’ चालत नाही. ‘आय कॅन स्मेल गॅस’ म्हणायचं. हे ‘कॅन’ म्हणजे क्षमता नव्हे, ‘मला येतोय’ एवढंच. पण जांभळी नाक्याच्या मंडईत कोथिंबिरीची जुडी नाकाशी धरून पारखणाऱ्या काकूंबद्दल ‘शी इज स्मेलिंग द कोरिअँडर’ अगदी बरोबर आहे, कारण तिथे काकू वास ‘घेताहेत’. मनातल्या मनात मराठी क्रियापद तपासा : ‘घेतोय’ असेल तर ‘स्मेलिंग’, ‘येतोय’ असेल तर नाही.

गॅसचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते, त्या वायूला स्वतःचा वास नसतोच. गळती कळावी म्हणून सिलिंडरच्या गॅसमध्ये इथाइल मरकॅप्टनसारखं उग्र रसायन मुद्दाम मिसळतात. 18 मार्च 1937 रोजी अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये न्यू लंडन इथल्या शाळेत नैसर्गिक वायू साचून स्फोट झाला आणि जवळजवळ तीनशे मुलं-शिक्षक गेले. गळती कुणाला कळली नव्हती, कारण वासच नव्हता. त्यानंतर तिथे गॅसला वास देण्याची सक्ती झाली. तेव्हा खरोखर वास आला तर व्याकरण राहू द्या. रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका आणि बाहेर जाऊन मराठीतच फोन करा.

‘आय डोन्ट स्मेल’

2020 मध्ये कोविडने वास जायला लागला तेव्हा हे वाक्य व्हॉट्सॲपवर बरंच फिरलं. त्याचा अर्थ ‘माझ्या अंगाला वास येत नाही’ असा होतो. चांगली गोष्ट आहे, पण डॉक्टरला सांगण्यासारखी नाही. ‘आय कान्ट स्मेल एनिथिंग’ किंवा ‘आय हॅव लॉस्ट माय सेन्स ऑफ स्मेल’ म्हणा.

‘स्मेल्स’च्या पुढे ‘गुड’ येतं, ‘वेल’ नाही. ‘बॅड’ येतं, ‘बॅडली’ नाही. ‘द डॉग स्मेल्स बॅडली’ म्हणजे कुत्र्याचं नाक कामातून गेलंय. पोलिसांच्या श्वानाबद्दल हे बोलू नका.

‘ऑफ’ आणि ‘लाइक’ यांची गल्लतही नेहमीची. वाशीच्या मसाला मार्केटातून हिंग आणलं आणि पिशवीला तोच वास राहिला, तर ‘द बॅग स्मेल्स ऑफ हिंग’. वस्तू खरोखर तिथे आहे किंवा होती, म्हणून ‘ऑफ’. मेणबत्तीला हापूसच्या आढीसारखा वास येत असेल, तर ‘लाइक’.

‘स्मेली’ म्हणजे ‘वासाचा’ असं समजून मोगऱ्याला ‘स्मेली फ्लॉवर’ म्हणणारेही भेटलेत. ‘स्मेली’ कायम वाईटच. शेजारणीच्या घरी खमंग फोडणी बसली आणि तुम्ही दारातून ‘व्हॉट्स दॅट स्मेल?’ विचारलंत, तर तिला नाकाला पदर लावल्यासारखंच वाटेल. ‘समथिंग स्मेल्स डिलिशस’ म्हणा.

गंमत म्हणजे हल्ली ज्याला कुणी चांगल्या अर्थाने हात लावत नाही तो ‘स्टिंक’ जुन्या इंग्रजीत साधा, बऱ्या-वाईट कुठल्याही वासासाठी चालायचा. फुलंही ‘स्टिंक’ करायची. तो नासला, आता ‘स्मेल’ही त्याच वाटेने उतरतोय. आपल्याकडे ‘बू’चं तसंच झालं, मूळ फारसीत नुसता वास, आणि आता ‘खुश’ मागे लावल्याशिवाय कुणी जवळ करत नाही.

म्हणून चांगल्या वासाला वेगळे शब्द ठेवा. कॉफीच्या दरवळाला ‘अरोमा’, फुलांच्या सुवासाला ‘फ्रेग्रन्स’. दारूच्या भपकाऱ्याला ‘रीक’. ‘सेंट’ हा आपण अत्तरासाठी वापरतो तो शब्द इंग्रजीत बहुधा मंद सुवासासाठी किंवा श्वानाला लागलेल्या मागासाठी येतो. आणि ‘सेंट मारला’चं भाषांतर ‘हिट’ने करू नका, परफ्यूम तिथे ‘वेअर’ करतात. पहिल्या पावसाच्या मृद्गंधाला दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी 1964 मध्ये ‘पेट्रिकोर’ असं नाव दिलं. कानाला छान आहे, पण चहाच्या टपरीवर ‘द स्मेल ऑफ रेन’ म्हटलं तरी भागतं.

‘समथिंग स्मेल्स फिशी’, म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे, हे शिकवत होते तेव्हा दिवा कोळीवाड्यातला एक मुलगा रागावला. ‘मॅडम, ताज्या मासळीला वास येतच नाही. आई गिऱ्हाइकाला हेच सांगते.’ तो बरोबर होता. मासा मेल्यावर जिवाणू त्याच्या अंगातल्या एका पदार्थाचं ट्रायमिथाइलअमाइन करतात, आणि तो ओळखीचा वास त्याचा असतो. मी हे फळ्यावर लिहिलं. तो जरा वेळ बघत राहिला.

‘मग बरोबर आहे मॅडम,’ तो म्हणाला, ‘फिशी म्हणजे कालची.’